आईच्या मापाची गाडी

भाऊ गेला आणि त्याची स्पोर्ट्स कार माझ्या रोजच्या वापरात आली. ती बुटकी दिसावी म्हणून त्याने आखूड स्प्रिंगा आणून ठेवल्या होत्या. त्या बसवायची माझी फार इच्छा होती. पण मग इतक्या खाली आईला बसता-उतरता येईल का, ही धास्ती होती.

शेवटी इथे उत्तरेत, मऊरानीपूर रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडे गाडी नेली; त्याला नाव विचारायचं राहूनच गेलं. तो बॉनेट दोन्ही तळव्यांनी दाबून सोडायचा आणि गाडी वर येताना स्वतःही टाचा उचलायचा.

“शॉकर भी बदलेंगे, नहीं तो छोटी स्प्रिंग पर गाड़ी उछलेगी,” तो म्हणाला. “साथ में रोज कौन बैठता है?”

“मेरी आई.”

“तो उन्हें लाइए, भैया. नाप उन्हीं का लगेगा.”

काम झाल्यावर त्याने आईला बसवून पाहिलं. जमलं नसतं तर तो जुन्या स्प्रिंगा परत घालणार होता. आईला जरा वाकावं लागलं, पण ती दार धरून सहज उतरली. तेव्हा कुठे त्याने मान डोलावली.

मग तिला शेजारी घेऊन त्याने गाडी स्पीडब्रेकरवरून नेली. गाडी घासली नाही. उघड्या खिडकीतून आईचं हसू ऐकू आलं. भाऊ गेल्यापासूनचं पहिलं.

“एक बार और, भैया,” ती म्हणाली.

“माताजी, मोटर है, झूला नहीं,” म्हणत त्याने हौसेने गाडी वळवली.