बाटलेलं मशीन

"बाई, पुन्हा बाटलं वं! आपलं मशीन पुन्हा बाटलं!"

फोनवर इंदूताई होत्या. मी ऑफिसात नुकताच डबा उघडला होता. तो तसाच बंद केला. त्यांच्याकडून फोन आला की शनिवार आहे हे कॅलेंडर न बघता कळायचं. दर शनिवारी मारुतीला तेल घालून आल्या की त्या कॉम्प्युटर तपासायच्या, आणि गेले काही शनिवार त्यात व्हायरस सापडत होता.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी एका कंपनीच्या नागपूर ऑफिसात कस्टमर इंजिनीअर होते. कस्टमर इंजिनीअर म्हणजे मशीन बिघडलं की स्क्रूड्रायव्हर घेऊन धावणारी बाई. बाई आली म्हटल्यावर लोक माझ्या मागे बघायचे, साहेब येतोय का म्हणून. साहेब यायचा नाही. मग नाइलाजानं मला चहा द्यायचे.

तेव्हा नागपुरात घरी कॉम्प्युटर असणारी माणसं फार थोडी. इंदूताईंचे यजमान नाना त्यातले एक. धंतोलीत राहायचे, मूळचे खाप्याचे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. त्यांना कंपवात झाला होता. हात असा थरथरायचा की पेन धरलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या. पण एक बोट कसंबसं कीबोर्डच्या कळीवर टेकवता यायचं. म्हणून त्यांच्या मुलीनं तिच्या ऑफिसातलं जुनं मशीन घरी पाठवलं. हिरव्या अक्षरांचा स्क्रीन, पोटात हार्ड डिस्क. हार्ड डिस्क म्हणजे सगळं लिहिलेलं साठवायची पेटी, हे मी इंदूताईंना सांगितलं होतं.

नाना त्यावर एक पुस्तक लिहीत होते. आपल्या भागातल्या झाडांची गावठी नावं. लॅटिन नाव कुठंही मिळतं, म्हणायचे, पण मोहफुलं वेचणाऱ्या म्हाताऱ्या एखाद्या वेलाला काय म्हणतात ते फक्त त्या म्हाताऱ्यांनाच माहीत. तरुणपणी जंगलात हिंडून त्यांनी वह्या भरल्या होत्या. वह्या वाळवीनं खाल्ल्या. राहिलं ते डोक्यात. आणि हाताआधी डोकं दगा देईल की डोक्याआधी हात, याची त्यांना रोज धास्ती.

अर्धी नावं बोकडे सरांच्या डोक्यात होती. बोकडे सर त्यांचे कॉलेजातले सोबती, जंगलात दोघं मिळूनच हिंडलेले. ते दर गुरुवारी संध्याकाळी यायचे. "नाना, त्या साजाच्या झाडाबाजूचं आठवते का गा तुले? ती बुढी काय म्हणे त्याले?" असं सुरू व्हायचं. एक नाव निघायचं, मग त्याच्यामागून दुसरं. नाना एका बोटानं टिपत राहायचे. सरांना कुंडलीचाही नाद होता. सीताबर्डीच्या एका क्लासातून त्यांनी कुंडलीची फ्लॉपी, म्हणजे मशीनमध्ये घालायची पातळ चौकोनी डिस्क, आणली होती. गप्पा संपल्या की ती घालून दोघं म्हातारे ग्रह बघायचे.

व्हायरस पहिल्यांदा सापडला तेव्हा सगळा संशय त्या फ्लॉपीवर गेला. मलाही तेच वाटलं. हे व्हायरस डिस्कच्या अगदी पहिल्या जागेवर बसायचे. मशीन सुरू कसं व्हायचं ते तिथं लिहिलेलं असतं. बाटलेली फ्लॉपी आत ठेवून मशीन चालू केलं की झालं, व्हायरस हार्ड डिस्कवर. मग त्या मशीनमध्ये घातलेली प्रत्येक नवी फ्लॉपी बाटायची. तेव्हा इंटरनेट नव्हतं. रोग फ्लॉपीवर बसून घरोघर फिरायचा, आणि औषधही फ्लॉपीवरच यायचं. अँटीव्हायरसची फ्लॉपी पुण्याहून कुरिअरनं यायची. ती घातली की ती डिस्क तपासायची, सापडलं तर पुसायची.

मी इंदूताईंना तपासायला शिकवलं. एक नियम सांगितला, बाहेरची फ्लॉपी तपासल्याशिवाय आत घ्यायची नाही.

आज लोक ज्याला फायरवॉल म्हणतात, ती त्या घरात इंदूताई होत्या. माझा नियम त्यांनी असा उचलला की मीच घाबरले. बाहेरची फ्लॉपी दारातल्या स्टुलावर ठेवायची, आधी हात धुवायचे. घरातल्या फ्लॉप्यांचा डबा कुलपात. तरी पुढच्या शनिवारी व्हायरस हजर.

मग त्यांनी बोकडे सरांनाच बंद केलं.

हे मला नंतर कळलं. गुरुवारी सर आले तर इंदूताई दारात उभ्या राहिल्या. "भाऊजी, तुम्ही येता अन् मशीन बाटते. ह्यायचं पुस्तक होऊ द्या, मग या." सर तिथंच थबकले. "वैनी, आता मले फ्लॉपीसारखं तपासून आत घेता काय?" एवढं बोलून गेले. आत नानांना ऐकू गेलं होतं, पण खुर्चीतून उठायला त्यांना वेळ लागायचा. दारापर्यंत पोचले तेव्हा सर कोपऱ्यावरून वळले होते.

आणि आज शनिवारी पुन्हा व्हायरस. म्हणून हा फोन.

मी मोपेड काढली आणि धंतोलीला गेले. मशीन साफ केलं. डब्यातली एकूणएक फ्लॉपी तपासली. एकही बाटलेली नाही. मी चक्रावले. साफ मशीन, साफ फ्लॉप्या, मग हे येतंय कुठून?

"घरात आणखी फ्लॉपी आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"नीट आठवा. कपाटात, गादीखाली, कुठंही."

"नाही म्हणते ना वं! घर माझं आहे का तुझं?"

खोटं बोलणारी बाई नव्हती ती.   त्या नानांकडे वळून म्हणाल्या, "मी बाजारात गेली की तुम्ही बोकड्यायले बोलावता. खरं सांगा."

नानांचा आवाज आजारानं बारीक झाला होता. "नाही," म्हणाले.

"मग काय आभाळातून पडते?"

 नाना बोट कळीवर ठेवून बसले. बोट थरथरत होतं आणि स्क्रीनवर एकच अक्षर उगाच उमटत चाललं होतं. मला इंदूताईंचा असा राग आला की उठून जावंसं वाटलं. पण त्यांचे डोळे भरले होते. नवऱ्याचा एक हात आजारानं नेला, आता त्याचं लिहिलेलंही कोणी नेतंय असं त्यांना वाटत होतं. त्यात त्यांचं काय चुकत होतं?

मी म्हटलं, "ताई, निदान पुस्तकाची एक कॉपी करून ठेवू. कोऱ्या फ्लॉपीवर."

"फ्लॉपीचं नाव काढू नको. हा डबाही घेऊन जा तुझ्या ऑफिसात. अँटीव्हायरसची तेवढी राहू दे."

"मग कागदावर छापून तरी घेऊ."

ते त्यांना पटलं. घरी प्रिंटर नव्हता. ऑफिसचा आणून द्यायचं मी कबूल केलं आणि सोमवारी मुळे साहेबांसमोर उभी राहिले. मुळे साहेब म्हणजे आमचे ब्रँच मॅनेजर.

"प्रिंटर? घरगुती कस्टमरला? प्रिंटर एका बँकेत गेलाय, त्यांचं हिशेबाचं क्लोजिंग आहे."

"कधी येईल, सर?"

"येईल तेव्हा येईल. अन् ह्या तक्रारीचा कॉल अजून ओपन काहून आहे? पुन्हा पुन्हा व्हायरस म्हणजे युजर मिस्टेक. लिहा अन् क्लोज करा."

"मिस्टेक सापडली नाही, सर."

"सापडायची गरज नाही. लिहायची गरज आहे."

मी लिहिलं नाही. पण न लिहून प्रिंटर थोडाच येणार होता? मी रोज स्टोअरमध्ये डोकावायचे. स्टोअरवाला मला बघूनच मान हलवायला लागला.

प्रिंटर आला त्याच्या आधी इंदूताईंचा फोन आला. या वेळी "बाटलं" म्हणाल्या नाहीत. शनिवारही नव्हता. "बाई, काहीच दिसून नाही राहिलं. तू ये."

काही व्हायरस नुसते बसून राहत. काही ठरावीक वेळ मशीन चाललं की डिस्कभर कचरा लिहायला घ्यायचे. हा दुसऱ्या जातीचा होता. मी हार्ड डिस्क खोलखोल वाचायचा प्रयत्न केला. जिथं मोहा, धावडा, रोहन असायला हवं होतं तिथं नुसती चिन्हं. मधेच एखादा अर्धा शब्द यायचा, मग पुन्हा चिन्हं. दुपारभर मी शोधत राहिले. नाना शेजारी बसून होते. शेवटी मी मान वर केली आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. सांगायची गरजच पडली नाही.

"जाऊ दे," म्हणाले. "तू चहा घे."

 मी बॅग उचलली. इंदूताई म्हणाल्या, "थांब, कुंकू लावते. सवाशीण बाई अशी जाऊ नाही." रडून रडून चेहरा सुजला होता, तरी कुंकवाचा रिवाज सुटला नव्हता. मी त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेले. आजवर कधी गेले नव्हते. कोपऱ्यात देवघर होतं. त्यांनी करंडा उचलला आणि माझी नजर आत गेली. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख. आणि भिंतीला टेकवून उभी केलेली एक काळी चौकोनी फ्लॉपी. लेबलवर कुंकवाचं बोट, वर ताजं जास्वंद.

"ताई, हे काय आहे?"

"गणपती आहे."

मी ओळखला तो गणपती. त्या वर्षी नागपुरात बऱ्याच मशीनवर असायचा. कुठल्याशा क्लासातल्या पोरांनी केलेला. ही फ्लॉपी घालून मशीन चालू केलं की स्क्रीनवर अक्षरांचा गणपती उमटायचा आणि आरतीची धून पींपीं वाजायची. लोक कॉपी करून एकमेकांना द्यायचे, प्रसादासारखी. इंदूताईंना त्यांच्या भाचीनं दिली होती, मशीनच्या पूजेला. तेव्हापासून रोज सकाळी पूजा झाली की त्या आधी गणपती दाखवायच्या, मग फ्लॉपी पदरानं पुसून परत देवघरात. नाना नंतर बसायचे. मी जायचे दुपारी, म्हणून मला ते कधी दिसलंच नाही.

मी ती अँटीव्हायरसनं तपासली. निकाल इंदूताईंनी स्वतः वाचला. व्हायरस सापडल्याचा स्क्रीनवरचा तो एक इंग्रजी शब्द त्यांना आता पाठ झाला होता.

"पण मी विचारलं होतं ना, आणखी फ्लॉपी आहे का?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, आणि चढला याची मला आजही लाज नाही.

"फ्लॉपी कुठं आहे ही?" त्या म्हणाल्या. "देव आहे." आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं. मटकन खाली बसल्या. "अगं बाई, म्हणजे भाऊजींनी नाही आणलं. मीच रोज सकाळी, या हातानं..."

 नानांनी सगळं ऐकलं होतं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बोकड्याले बोलव."

त्याच संध्याकाळी त्या स्वतः रिक्षानं गेल्या आणि सरांना घेऊन आल्या. सर दारातल्या स्टुलाजवळ थांबले. इंदूताई म्हणाल्या, "भाऊजी, आत या ना." सरांनी शर्टाचा खिसा उलटा करून दाखवला. "पाहून घ्या वैनी, काही नाही." टोमणा होता की थट्टा, मला कळलं नाही. इंदूताई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

दोघांनी पुन्हा सुरुवात केली. प्रिंटरही आला, मी रोजचं रोज छापून दिलं. पण मधल्या गुरुवारांत नानांचा आवाज अजून खाली गेला होता. सर विचारायचे, नानांचे ओठ हलायचे, सर कान अगदी जवळ न्यायचे. "काय म्हणतो गा? पुन्हा सांग." पुन्हा सांगितलेलंही ऐकू यायचं नाही. थंडी संपायच्या आत नाना गेले. छापलेले कागद एका पातळ फाइलीत मावले. त्यातल्या बऱ्याच झाडांपुढं नावाची जागा कोरी आहे.

मुळे साहेबांनी कॉल क्लोज केला. कारणाच्या रकान्यात 'युजर मिस्टेक' असं त्यांच्या अक्षरात आहे.

पुढं मी कितीतरी घरचे कॉम्प्युटर साफ केले. फ्लॉप्या गेल्या, सीडी आल्या, पेनड्राइव्ह आले. "घरात आणखी काही आहे का?" असं मी कधी विचारलं नाही. आधी पाय धुवायचे आणि म्हणायचे, देवाला नमस्कार करून येते. लोकांना वाटायचं, बाई फार भाविक आहे.