कडीला लावलेली ट्यूब

सुमनवन्सं गेल्याचा फोन तीर्थपुरीहून आला, तेव्हा बाहेर निघावं म्हणून मी दाराची कडी ओढली, आणि ती करकरली. कितीतरी वर्षांनी... मुलांनो, वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची बहीण, तुमच्या आईची आत्या. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला तिचा चेहरा कमी दिसायचा, आवाजच जास्त यायचा. त्या कडीची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती.

तुमची आई, वैशाली, नुकतीच बी.एड. झाली होती. इथे मंठ्यातल्या एका शाळेत नोकरीसाठी तिला पाठ घेऊन दाखवायचा होता. त्याआधी काही महिने तिच्या नाकाच्या कडेला आणि तोंडाभोवती बारीक लाल पुटकुळ्या उठल्या होत्या. शेजारणी म्हणाल्या, कोळी मुतला असेल. मावसबहिणीनं कसलीशी ट्यूब दिली आणि दोन दिवसांत चेहरा साफ! लावणं थांबवलं की पुरळ दुपटीनं परत यायचं, लावली की जायचं. शेवटी आम्ही जालन्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाईंनी आधी विचारलं, "काय लावता?" मग भिंगातून दाखवलं, ओठांना लागून एक अरुंद पट्टी मोकळी होती, पुरळ तिच्या बाहेर होतं. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. ते पुरळ तेवढ्यापुरतं दाबतं आणि खरं तर तेच वाढवतं, असं त्या म्हणाल्या. ट्यूब, क्रीम, पावडर सगळं बंद, नुसत्या पाण्यानं तोंड धुवायचं आणि लिहून दिलेल्या गोळ्या घ्यायच्या. "आधी आणखी बिघडेल. तेव्हा घाबरून पुन्हा लावलंत, तर सगळं पहिल्यापासून."

आणि बिघडलंच. चेहरा लाल झाला, जळजळायला लागला. पाठ तोंडावर आलेला. वन्सं खास राहायला आल्या आणि उरलेली ट्यूब वैशालीच्या देखत पिळून त्यांनी करकरणाऱ्या कडीला चोपडली.

"आत्या, तुझं तोंड असं असतं म्हणजे कळलं असतं!"

"माझं तोंड बघतंय कोण? समदे माझं बोलणंच ऐकतेत," वन्सं म्हणाल्या. "अन् तोंड म्हंजे काय भिंत हाय, रोज रंग द्यायला? बिलकुल न्हाई लावायचं."

वैशालीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. पाठाच्या आदल्या दुपारी आमचा जरा डोळा लागला. उठून पाहतो तर वैशाली घरात नाही. चौकात मेडिकल होतं, तिथे तसली ट्यूब मागितली की मिळायची. वन्संचा चेहरा उतरला. "कडी वाजलीच न्हाई, वहिनी... मीच तिचा आवाज बंद केला ना." मी चपला घातल्या, तर त्यांनी माझा हात धरला. "थांबा. आज धरून आणलं, तर उद्या परत जाईल." त्या उंबऱ्यावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मी चपला घालून तशीच उभी राहिले. उद्या ती साफ चेहऱ्यानं उभी राहील आणि नंतर पुन्हा तेच...

वैशाली आली. तिच्या मुठीत काहीतरी होतं. तिनंच मूठ उघडली. रंगीत खडू.

"मेडिकलपर्यंत गेल्ते," ती म्हणाली. "पायरी चढलेबी. मंग शेजारच्या दुकानातून हे घेतलं."

"बराबर," वन्सं एवढंच बोलल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

पाठ तिनं तशाच चेहऱ्यानं घेतला. एका मुलीनं विचारलंच, "मॅडम, तोंडाला काय झालंय?" "बरं होतंय," असं सांगून तिनं फळ्यावर हिरव्या खडूनं पान काढलं. नोकरी मिळाली. चेहरा निवळायला मात्र बरेच आठवडे लागले.

त्यानंतर वन्सं जेव्हा जेव्हा आल्या, तेव्हा पिशवी ठेवण्याआधी कडीत शिलाई मशीनच्या कुपीतलं तेल सोडायच्या. मी एकदा विचारलं, कशाला? "ती वाजली असती, तर मी पोरीला अडिवलं असतं. मंग ती माझ्यामुळं थांबली असती, सोताहून न्हाई."

काल मी त्याच कुपीतलं तेल कडीत सोडलं आणि दोनदा सरकवून पाहिली. आवाज नाही. सुट्टीत तुम्ही याल. कुणाला न सांगता बाहेर पडावंसं वाटलं, तर हे दार बोलणार नाही. मी मात्र उंबऱ्यावर बसलेली असेन.