परत आलेला नारळ

इंझोरीच्या गोजराबाईनं जन्मात पाणी पाहिलं ते विहिरीतलं आणि धरणातलं. दोघा भावांचं पोट भरेल एवढं वावर नव्हतं, म्हणून तिचा नवरा जगदेव मासेमारीच्या बोटीवर खलाशी झाला आणि तिला घेऊन रत्नागिरीला आला. मागे डोंगर, पुढे समुद्र, मधल्या पट्टीत दाटीवाटीनं घरं. "इथं तं पाय पसरायलेही जागा नाही," असं कुरकुरत ती तिथं रमली. बांगडा रांधायलाही शिकली, माळकरी सासूला पत्ता लागू न देता.

नारळी पौर्णिमेला सगळ्या बंदराबरोबर तिनंही समुद्राला नारळ दिला. लाटेनं तो तिच्याच पायाशी आणून टाकला. आता इंझोरीत देवापुढं नारळ फोडतात, थोडं देवाला, बाकीचं घरी. तिला वाटलं, हा देव किती भला, आख्खाच परत दिला! त्या खोबऱ्याच्या वड्या करून तिनं जगदेवच्या डब्यात भरल्या. घरमालकीण वच्छला खारवीण ते ऐकून ओरडलीच.

"अगो, दर्याला दिलेलं परत घेतात काय?"

तोवर बोट गेली होती. मग वादळ आलं. बाकीच्या बोटी परतल्या, जगदेवची नाही.

वादळ काय कुणाचा डबा उघडून बघतं? वच्छलानंही नंतर हेच परोपरीनं सांगितलं. पण मनात शिरलेलं भूत सांगून निघतं होय! गोजराबाई रोज नवा नारळ घेऊन किनाऱ्यावर जायची. "तुयं तुले घे, बाबा, मायं मले दे," म्हणून फेकायची. काठावरून फेकलेला नारळ लाटेबरोबर परतच येतो. तिचा जीव तीळतीळ तुटायचा.

शेवटी धाकटा दीर शेषराव तिला न्यायला आला. किनाऱ्यावर तिच्या शेजारी उभा राहिला, पण तिच्या कुंकवाकडं बघेना.

"वयनी, घरी चाला. बोटीच्या फळ्या सापडल्या म्हणतात. मायनं अन्न सोडलं. दादाचे दिवस करा लागतीन."

"काहून? ते काय मेले हायेत? यानं माया नारळ घेतला का येते मी."

तिनं अंगातला सगळा जोर लावून नारळ फेकला. तो दूर पडला, तरंगला, दिसेनासा झाला. गोजराबाईनं हात जोडले. मग एका लाटेनं तो आणला आणि या वेळी शेषरावच्या पायाशी टाकला.

शेषराव वाकला. त्यानं नारळ कपाळाला लावला, खडकावर आपटून फोडला आणि एक वाटी तिच्यापुढं धरली. "घ्या वयनी. देवानं परसाद देल्ला."

त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वाटीतलं खोबरं तो तोंडाला लावणार, तोच तिनं झडप घालून ते हिसकावलं.

"खाऊ नोका, भाऊजी," ती हुंदक्यातून कशीबशी म्हणाली. "मायले आता तुमी एकलेच उरले."