वासूचं बारावं प्रकरण

सदानंद भावोजींचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. “शैलाताई, वासू गेली,” एवढंच ते म्हणाले. भाजीवाली “घेणार ना ताई?” विचारत राहिली. मी जुडी घेतली. घरी येऊन निवडलीसुद्धा. रडू आलं ते दुसऱ्या दिवशी. आज पाच आठवडे झाले.

वासू, म्हणजे भावोजींची बायको वासंती, माझी शाळेपासूनची मैत्रीण. मरोळला औषधांच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती, आणि सुट्टीच्या दिवशी कादंबऱ्या लिहायची. दूरचे ग्रह, मंत्र जाणणारे राजे, विजेच्या तलवारी, यानाला जुंपलेले पंखांचे घोडे... विज्ञान आणि जादू तिच्याकडे सख्ख्या जावांसारखी एका घरात नांदायची. अशी एकतीस पुस्तकं. उपनगरांतल्या वाचनालयांत ती फाटेपर्यंत वाचली जायची. सगळ्यांची प्रुफं मी तपासली, त्यामुळे साचा मला पाठ होता. पहिल्या प्रकरणात यान कोसळणार, चौथ्यात सोबती मिळणार, सातव्यात त्यातलाच एक दगा देणार, अकराव्यात सगळे कोंडले जाणार, बाराव्यात सुटणार. तेरावं प्रकरण तिनं कधी लिहिलं नाही.

एकदा मी म्हटलं, “वासू, तू एकच कादंबरी एकतीस वेळा लिहिलीस.” ती हसली. “मग काय झालं? दमून आलेल्या माणसाला आपल्या घराचा जिना ओळखीचाच लागतो ना!” पण मी पडले मराठीची शिक्षिका, मला राहवेना. “एकदा तरी खरं लिही गं. साचा मोड. नायकाला मरू दे.” वर्षभर मी तिच्यामागे लागले आणि शेवटी तिनं ते मनावर घेतलं. पुढची चार वर्षं ती त्या ‘खऱ्या’ कादंबरीशी झगडत होती. लिहायची, फाडायची. तेवढ्यात तिच्या प्रकाशकानं काम बंद केलं, वाचनालयंही एकेक करून मिटली. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं...

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. उपचार थकले तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं. “शैले, वही घे. मी सांगते, तू लिही. आणि साचा तोच हां, मध्ये तुझं शहाणपण नको.” रोज दुपारी मी जायला लागले. तिचा आवाज बारीक होत गेला, पण यान कोसळलं, सोबती मिळाले, दगा झाला. मी तिचा एक शब्द बदलला नाही. अकरावं प्रकरण संपलं तेव्हा नायक आणि त्याचे सोबती काचेच्या डोंगरात कोंडलेले होते. “पुढे?” मी विचारलं. “पुढचं उद्या. आज त्यांना सोडवायची ताकद नाही गं.” दुसऱ्या दिवशी तिला बोलता येईना. तिसऱ्या दिवशी मी बाजारात होते.

दिवसकार्य झाल्यावर भावोजींनी वही माझ्या हातात ठेवली. “बारावं तुम्हीच लिहा. तुम्हाला सगळं पाठ आहे.” खरंच होतं. आठवड्याभरात मी लिहिलं. डोंगर फुटला, दगाबाज पस्तावून परत आला, लढाई झाली, दोन सूर्य उगवले. सगळं जागच्या जागी. गेल्या रविवारी ते नेऊन दिलं. भावोजींनी खिडकीशी बसून सावकाश वाचलं, वही मिटली आणि म्हणाले, “बरोबर आहे सगळं... पण लढाईला निघण्याआधी हे जेवले कधी?”

मला कळेचना. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढून दिलं, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येकात शेवटच्या लढाईआधी कुणीतरी चूल पेटवतं, कुणीतरी विचारतं, “जेवलात का रे सगळे?” आणि दगा देऊन परत आलेल्यालाही शेजारी बसवून वाढलं जातं. कुठे दोन ओळी, कुठे अर्धं पान. एकतीसही पुस्तकांत. आणि मी? मी त्या ओळींतले ऱ्हस्वदीर्घ तपासून पुढे गेले होते...

माझी पानं मी वहीतून सोडवून पर्समध्ये ठेवली. भावोजींनी वही कपाटात तिच्या पुस्तकांच्या रांगेत लावली. अकराव्या प्रकरणापुढची पानं कोरी आहेत. तिची माणसं अजून त्या काचेच्या डोंगरातच आहेत. उपाशी.