चाळीस मिनिटांचा क्लास

किस्से कुणी जमवत नाही. माणसं रोज एका खोलीत बसली की ते आपोआप साचतात, कपाटामागच्या धुळीसारखे. झाडायला कुणाला वेळ नसतो.

आमची खोली नाशिकरोडला होती. अंधांसाठी कॉम्प्युटरचा क्लास. दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. पडद्यावर जे असेल ते कॉम्प्युटर इंग्रजीत वाचून दाखवायचा आणि आम्ही कीबोर्डवरून त्याला हाकायचो. शिकवणाऱ्या सविता मॅडम जन्मापासून अंध. वय पंचवीस. मी पासष्टचा. मनमाडच्या यार्डात तीस वर्षं केबिनमध्ये गाड्यांचे रूळ बदलणारे लिव्हर ओढले. शाळा चौथी. रिटायर झालो आणि काचबिंदूने डोळे नेले.

मी गेलो ते एका कामासाठी. मुलगा विलास जबलपूरला नोकरीला. दोन दिवाळ्या आला नाही. फोनवर म्हणायचा, "बाबा, वेटिंग आहे." बायको, कुसुम, एक दिवस मला म्हणाली, "जन्मभर गाड्या सोडल्यात. पोरासाठी एक तिकीट बघता येत नाही?"

रिझर्वेशनच्या खिडकीवर जायचं तर कुणाचा तरी हात धरावा लागतो. मी हात धरत नाही. क्लासला नाव घातलं.

*

माझ्या शेजारी पोपट बसायचा. मखमलाबादचा, गुलाबाची शेती, वय पन्नास. पहिल्याच दिवशी त्याने टेबलभर हात फिरवला.

"मॅडम, ते उंदरावानी असतं, ते कुठं हाय?"

"माउस? कपाटात आहे. डोळस पाहुणे आले की काढते, त्यांचं त्याच्याशिवाय अडतं!"

*

इंग्रजी अक्षरं मला यायची ती स्टेशनांच्या कोडात असतात तेवढीच. मॅडम म्हणाल्या, "तात्या, एच दाबा. एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर जातो."

"नंबर सांगा," मी म्हणालो.

"कसला नंबर?"

"केबिनमध्ये प्रत्येक लिव्हरला नंबर असतो. नाव नसतं."

मॅडमनी बोटांनी मोजलं. "मधली रांग, सहावी."

मग मी सगळेच नंबर लावून घेतले. मथळा, मधली सहावी. तक्ता, वरची पाचवी. बटण, खालची पाचवी. पंधरा दिवसांत पोपटही नंबर बोलायला लागला. मॅडम वैतागल्या. "तात्या, मी क्लास काढला होता. तुम्ही त्याचं यार्ड केलंत!"

*

ते बोलणारं सॉफ्टवेअर महाग. क्लासकडे नुसती ट्रायलची कॉपी. चाळीस मिनिटं बोलायची आणि गप्प व्हायची. मग अख्खा कॉम्प्युटर बंद करून परत सुरू करायचा. वाक्य अर्धं असो की शब्द अर्धा, त्याला देणंघेणं नाही. दिवसातून सहा-सात वेळा हेच. चहासुद्धा आम्ही त्या हिशोबाने प्यायचो.

पोपट एकदा म्हणाला, "मॅडम, हे चाळीस मिनिटांचं आमच्या घरी बायकोला बसवता यील का हो?"

त्याची बायको त्याला न्यायला येऊन दारातच उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, आधी ह्यांना बसवा. मला चाळीस मिनिटं तरी कवा बोलू देत्यात!"

*

कंट्रोल दाबला की आवाज तिथल्या तिथे थांबतो. ही मॅडमनी शिकवलेली पहिली की. क्लासला जागा देणारे एक साहेब भेटीला आले. आत आल्या आल्या म्हणाले, "अहो, सगळ्यांचे पडदे बंद आहेत!"

मॅडम म्हणाल्या, "हो सर. वीज वाचते."

मग साहेबांनी भाषण धरलं. जिद्द, प्रकाश, पुन्हा जिद्द. अर्धा तास झाला. शेजारून टक टक आवाज यायला लागला. पोपट कीबोर्ड बडवत होता.

"पोपटराव, काय करताय?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, कंट्रोल दाबून दाबून बोट दुखाया लागलं. ह्ये थांबतच नाय!"

*

रेल्वेची साइट मी स्वतः उघडली. चौकट आली. जबलपूरचा कोड मला पाठ होता. जे, बी, पी. तिन्ही की मोजून दाबल्या. बी दाबल्यावर आवाज भलत्याच बटणावर गेला. पी दाबल्यावर कुठल्या तरी जाहिरातीच्या परिच्छेदात शिरला.

मॅडम म्हणाल्या, "तात्या, चौकटीत शिरायला आधी एंटर. नाहीतर अक्षर उमटत नाही, उडी मारतं."

केबिनमध्ये लॉक सोडल्याशिवाय लिव्हर हलत नाही. इथे हलतो, आणि गाडी दुसऱ्या रुळावर जाते. तीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं.

पोपट म्हणाला, "तात्या, जबलपूरला निघालात आन् जाहिरातीत उतरलात!"

मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

*

संक्रांत आली. विलासचा फोन आला. "बाबा, संक्रांतीलाही वेटिंग आहे. सगळ्या गाड्यांना." दिवाळीची गर्दी मला ठाऊक आहे. संक्रांतीची मी काही ऐकली नव्हती.

कुसुम म्हणाली, "आज बघूनच या. असेल तर तिथूनच काढा त्याचं तिकीट."

क्लासला गेलो. एंटर, जबलपूर. टॅब. एंटर, नाशिकरोड. तारीख. पहिली चाळीस मिनिटं तारखेत गेली. दुसरी चाळीस साइट उघडण्यात. तिसऱ्यांदा कॉम्प्युटर सुरू केला. बोटं दुखत होती. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. पोपटने आपला कीबोर्ड सोडला.

वरची पाचवी दाबली. तक्ता आला. एकेक खण बाणाने सरकत गेलो. गाडीचा नंबर. तारीख. स्लीपर.

"अव्हेलेबल. वन हंड्रेड ट्वेल्व्ह."

जागा शिल्लक असल्या की हा शब्द येतो. तीस वर्षं रेल्वेत काढली, एवढं येतं. दुसऱ्या दिवशीची तारीख बघितली. तिसऱ्या दिवशीची बघितली. तोच शब्द.

मॅडमनी टाळी वाजवली. "तात्या, एकशे बारा जागा! काढायचं तिकीट?"

मशीन पुढचा खण वाचत होतं. मी कंट्रोल दाबला.



घरी आलो तर जिन्यापासूनच भाजलेल्या तिळाचा वास. काठीचा आवाज ऐकून कुसुम दारात आली.

"काय म्हणालं तुमचं मशीन?"

"वेटिंग."

"किती?"

"एकशे बारा."