मांडवाखालची साक्ष

समन्स घेऊन पोलीस आला तेव्हा मी दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेत घड विरळत होते. त्याने बांधावरूनच माझं नाव घेतलं. आमच्या टोळीची मुकादमीण, जिला आम्ही सगळ्या मावशी म्हणायचो, कात्री न थांबवता म्हणाली, "हाय ना हितं. काय केलं तिनं?"

"तिनं काय नाय केलं. साक्ष हाय तिची."

मी तशी भित्रीच. घराला कुलूप लावलं तरी परत जाऊन ओढून बघणारी.

कोर्ट आमच्याकडचं होतं, मराठवाड्यातलं. तिथल्या आमच्या गावाने एका दुपारी गावकुसाबाहेरची आमची वस्ती जाळली होती. वस्तीतल्या पोरांनी गावाच्या तोंडाशी कमान उभारली, एवढंच निमित्त. माणसं मेली, त्यात माझा थोरला भाऊ. मी पाचवीत होते. उभ्या ज्वारीत लपून मी बघितलं, की भाऊ आत असताना आमच्या दाराला बाहेरून कडी कोणी घातली. तो माणूस मला रोज दिसणारा होता. पोलिसांनी तेव्हा माझा जबाब घेतला, आणि आईने शाळा सोडवून मला मामाकडे नाशिकला पाठवलं. मामा नाशिकच्याच अंबड वसाहतीतल्या कारखान्यात होता. तिथून मी वाढले, लग्न झालं, बागेच्या कामाला लागले.

इतक्या वर्षांनी खटला उभा राहिला होता. कडी घालताना बघणारे आणखी दोघं होते, ते कोर्टात फिरले. उरले मी. आणि आई अजून त्याच गावात राहायची, त्याच लोकांच्या शेतात खुरपायला जायची. मी बोलले तर तिचं काय होईल, आणि नाही बोलले तर भावाचं काय, या दोन्हींत मला जेवण जाईना. बूथवरून शेजारच्या दुकानात फोन लावून आईला बोलावलं. ती एवढंच म्हणाली, "ये तू. मी भाकरी बांधून कोर्टात येते."

बागेत वेलींच्या मांडवाखाली काम करताना मान वर, हात वर, डोळे घडाकडे. कोणी कोणाचं तोंड बघत नाही. म्हणूनच कदाचित त्या दिवसांत मी बोलू शकले. पेठ तालुक्याकडची एक बाई आमच्यात होती, लय फटकळ. ती लुटुपुटूचा वकील झाली.

"सांगा बाई, तव्हा तुमचं वय काय? परकरात होता का झबल्यात?"

"परकरात."

"आन् दिसलं कसं? ज्वारी तर डोक्याच्या वर."

"पानं बाजूला केली."

"खोटं बोलता तुमी! मालकाची द्राक्षं खाल्ली का नाय, आधी ते सांगा!"

"ए वकील," मावशी ओरडायची, "घड नीट धर. मणी पाडशील."

सगळ्या हसायच्या, मीही. पण कडीपाशी आले की माझा आवाज जायचा. मग आजूबाजूच्या कात्र्याही थांबायच्या. मावशी म्हणायची, "थांब. पाणी पी. मग पुढचं." कोणी माझ्या तोंडात शब्द घातला नाही. पुढचं काय ते त्यांना माहीत नव्हतं, आणि अंदाजही कोणी केला नाही.

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारल्यावर मी सुरुवात केली, आणि बरीच पुढे गेले. तेवढ्यात आरोपींचा वकील उठला. "साहेब, साक्षीदार छताकडे बघून पाठ केलेलं म्हणतायत."

तेव्हा मला कळलं. माझी मान वर होती आणि हात छातीपर्यंत उचललेले होते.

"बाई, वर काय आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. बागेत काम करते. तिथं बोलायचं तर आम्ही वर बघूनच बोलतो."

मागे कोणीतरी हसलं. वकील लगेच म्हणाला, "म्हणजे हे आधी कोणापुढे बोलून झालंय?"

"बरोबरच्या बायकांपुढे."

"मग त्यांनी शिकवलंय. काय काय शिकवलं?"

मला वाटलं, संपलं. ज्यांनी जीव लावला त्यांच्याच चांगुलपणाने केस बुडाली. तोंडातून खरं तेच निघालं. "थांबायला शिकवलं. मला बोलता यायचं नाही तेव्हा पाणी पी म्हणायच्या."

न्यायाधीश म्हणाले, "आता माझ्याकडे बघा. कुठूनही सुरू करा."

मी खाली बघितलं. कडी घालणारा तो माणूस समोरच होता, म्हातारा झालेला, स्वेटर घातलेला. मी कडीपासूनच सुरू केलं, मग मागे गेले, मग पुढे. वकिलाने मधूनच उचलून विचारलं, उलटं विचारलं. पाठ असतं तर अडकले असते. एकदा थांबले, पाणी मागितलं. शिपायाने आणून दिलं.

परत आले तर माझ्या ओळी विरळून झाल्या होत्या. कोणी केल्या, विचारलं तर कोणी सांगेना.

"थांबलीस का?" मावशीने विचारलं.

"थांबले."

"मग?"

"पाणी दिलं त्यांनी."

"आन् वकील?" पेठवाली म्हणाली. "माझ्यापेक्षा बरा व्हता का?"

"तुझ्यापेक्षा शांत होता."

"म्हंजे बिनकामाचा."

निकाल आणखी काही वर्षांनी लागला. बरेचसे सुटले. रॉकेलचे डबे आणणारे सुटले, वस्तीची वाट अडवणारे सुटले. कडी घालणारा आणि आणखी काही जण दोषी ठरले, त्यांचं अपील वर गेलं. गावातून आईच्या दारात कोणी आलं नाही, चुकलं म्हणायला सुद्धा नाही. तिचं खुरपण बंद झालं, म्हणून ती माझ्याकडे नाशिकला आली. याला न्याय म्हणायचं का, हे माझ्यापेक्षा शिकलेल्यांनी ठरवावं.

मला निकालाचा दिवस आठवतो तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. गावात त्या दुपारनंतर भावाचं नाव कोणी घेत नसे. 'ते प्रकरण' म्हणत, आणि मेलेल्यांना 'त्यातले'. न्यायाधीशांनी निकाल वाचताना एकेकाचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, न अडखळता. भावाचं नाव आलं तेव्हा आईने डोक्यावरचा पदर सावरला, शाळेत पोराचा नंबर पुकारल्यावर सावरतात तसा.

बाहेर स्टँडवर ती म्हणाली, "किती नीट घेतलं गं त्यांनी नाव." बस लागेपर्यंत ती तेवढंच म्हणत राहिली, आणि मी दरवेळी हो म्हणत राहिले.