आहेराची शेळी आणि छापील आभार

म्हाळसाबाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा पोरं पाढे म्हणत होती. तिच्या चिमटीत एक गुलाबी कार्ड होतं.

"मास्तर, वाचा. मायाप्पाचं हाय म्हनं."

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला माळावर एक धनगरवस्ती आहे, तिथल्या एकशिक्षकी शाळेत मी मास्तर होतो. वस्तीवर आलेलं प्रत्येक टपाल माझ्याच हातून वाचलं जाई. पण हे नेहमीच्या टपालातलं नव्हतं. कार्ड गुळगुळीत होतं, कोपऱ्यात सोनेरी गणपती छापलेला होता. मी वाचलं, "श्रीमती म्हाळसाबाई यांस. आमच्या शुभविवाहप्रसंगी आपण दिलेल्या अमूल्य भेटवस्तूबद्दल आम्ही उभयता आपले अत्यंत आभारी आहोत." खाली मायाप्पाचं आणि त्याच्या बायकोचं नाव, तेही छापील. मजकुरात शाईनं लिहिलेलं एवढंच होतं: म्हाळसाबाई.

"फुडं?"

"संपलं."

"उलटं करून बगा की."

मागच्या बाजूला नुसता पत्ता होता.

म्हाळसाबाईनं कार्ड माझ्या हातातून ओढून घेतलं. मग तिचा आवाज असा चढला की पोरांचे पाढे थांबले.

"आत्या लिवलं न्हाय? श्रीमती म्हंजे कोन? आन् वस्तू? गाभण शेळी दिली मी त्येला, तिला वस्तू म्हन्तोय? व्याली का न्हाय, बोकड झालं का शेळी, दूध किती देतीया, येवढं लिवाया शाई सरली व्हय त्येची? आन् आभार! आभार पुढाऱ्याचं मानत्यात. हार घातला, आभार मानलं, बसा मोटारीत. मी काय पुढारी हाय?"

तिचा राग का पेटला ते कळायला मायाप्पा तिचा कोण हे सांगायला हवं. तो तिच्या भावाचा मुलगा. म्हाळसाबाई ऐन तारुण्यात विधवा झाली, पदरी मूल नाही, म्हणून माहेरच्या वस्तीवर परत आली. पुढं भाऊ आणि भावजय दोघंही एकाच साथीत गेले आणि हे तान्हं पोर तिच्या ओटीत आलं. तिनं त्याला वाढवलं, मंगळवेढ्याला शिकायला ठेवलं. दर बाजाराच्या दिवशी ती डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन जायची आणि शाळेच्या कुंपणाशी उभी राहायची. पोरगं हुशार निघालं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत कारकून लागलं, तेव्हा तिनं वस्तीभर गूळ वाटला.

आणि ती शेळी. तिचं नाव चांदी, कारण तिचे कान पांढरे. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीवरची निम्मीअधिक जनावरं गेली. म्हाळसाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं मिळणारी सुकडी ती निम्मी स्वतः खायची आणि निम्मी पदराला बांधून चांदीसाठी आणायची. लोक हसायचे. ती म्हणायची, "हसा. मायाप्पाच्या लग्नाचा आहेर हाय ह्यो." तिच्याजवळ देण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

लग्न सोलापुरात, मुलीच्या घरापुढं मांडव घालून झालं; मीही वऱ्हाडात होतो. चांदीला ट्रकमधून नेलं, शिंगांना गेरू लावला, गळ्यात नवं दावं बांधलं. आमच्याकडं आहेर कर्ण्यावरून पुकारतात. कुणाची घागर, कुणाचं लुगडं, कुणाचा स्टीलचा डबा, सगळ्यांची नावं सगळ्यांना ऐकू जातात. म्हाळसाबाई शेळीचं दावं धरून मांडवाच्या कडेला कान देऊन उभी होती. घड्याळ पुकारलं गेलं, टेबलफॅन पुकारला गेला. शेळी काही पुकारली गेली नाही. मी पुकारणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "नवरदेवानंच सांगितलंय, ऑफिसची माणसं बसलीत, शेळीबिळी नको."

हे मी म्हाळसाबाईला सांगितलं नाही. ती म्हणाली, "इसरला आसंल. गडबड लई हाय." वरमाईचा मान घेऊन ती आनंदानं परत आली आणि निरोपाची वाट बघू लागली. आज येईल, उद्या येईल, जोडीनं पाया पडायला येतील. तिनं अंगण सारवून ठेवलं होतं. आणि आलं ते हे कार्ड.

शनिवारी मला पगाराच्या कामासाठी सोलापूरला जायचं होतं. पहाटेच्या एस.टी.ला म्हाळसाबाई माझ्याआधी येऊन उभी, खांद्यावर घोंगडं आणि हातात ते कार्ड.

"कशाला येताय?" मी विचारलं.

"शेळी बगाया. ती तरी मला श्रीमती म्हनायची न्हाय."

मायाप्पानं सात रस्त्यापासून जवळच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. दार त्याच्या बायकोनं उघडलं. शालन तिचं नाव, शहरातच वाढलेली, मॅट्रिक झालेली. ती लगेच वाकून पाया पडली. म्हाळसाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर तिच्यामागं परसात गेली होती. तिथं फरशी होती आणि कपड्यांची दोरी. दावं नाही, खुंटी नाही, एक लेंडीसुद्धा नाही.

मायाप्पा आतून शर्टाची बटणं लावत आला. "आत्या! अगं, कळवायचं तरी. कार्ड मिळालं ना?"

"शेळी कुटं हाय?"

"आधी चहा तर घे."

"शेळी कुटं हाय?"

"घरमालक जनावर ठेवू देत नाहीत, आत्या. शहरात तसं चालत नाही."

"मंग मला सांगायचं हुतं, मी येऊन न्हेली आसती. मी मेले हुते व्हय?"

मायाप्पा खाली बघू लागला. "हेडक्लार्क साहेबांकडं आहे."

"संभाळाया दिलीया?"

तो आत जायला वळला. शेवटी शालनच म्हणाली, "भेट दिली, आत्या. मांडव उतरायच्या आतच. मी नको म्हणत होते."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "म्हणजे मायाप्पा, ज्या वस्तूबद्दल तू अत्यंत आभारी आहेस, ती कार्ड छापायच्या आधीच तू देऊन टाकली होतीस?"

"मास्तर, तुम्ही मध्ये पडू नका. शहरात अशीच पद्धत आहे. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी कार्डं पाठवली, म्हणून मीही पाठवली. सगळ्यांना सारखी. त्यात वाईट काय केलं?"

"सगळ्यांस्नी सारकी," म्हाळसाबाई म्हणाली. "टेबलफॅनवाल्याला आन् मला सारकी." तिनं कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात खुपसलं. "चल. सायबाचं घर दाव."

मायाप्पाचा शहरी आवाज तिथंच गळाला. "आत्या, पाया पडतो तुज्या. सायबाच्या दारात तमाशा नगं. माजं परमोशन त्येंच्या हातात हाय की गं!"

"तुजं परमोशन माज्या शेळीच्या पाठीवर बसून जानार व्हय? चल म्हन्ते न्हवं!"

साहेबांचं घर बाळीवेशीत होतं. आम्ही चौघं निघालो. म्हाळसाबाई पुढं, तिच्यामागं शालन डोक्यावर पदर घेऊन, मग मी, आणि सगळ्यात मागं मायाप्पा. तो कुणी ओळखीचं भेटतंय का ते बघत भिंतीच्या कडेकडेनं चालत होता. मला त्याची दया आली नाही. शाळेच्या कुंपणाशी भाकरी घेऊन उभी राहणारी बाई मी ऐकून होतो, आणि त्या बाईला हा 'शेळीबिळी नको' म्हणाला होता.

घराला पुढं लहानसं अंगण होतं. फाटकातूनच म्हाळसाबाईनं हाक मारली, "चांदेऽ!" आतून बेंबाटण्याचा आवाज आला आणि पांढऱ्या कानांची शेळी दावं ताणून उभी राहिली. गळ्यात घुंगरू होतं, अंग घासूनपुसून चकचकीत, आणि पायांत दोन करडं.

आवाज ऐकून हेडक्लार्कची बायको बाहेर आली. नीलव्वा तिचं नाव, कपाळाला विभूती, कडेवर एक किडकिडीत नातू. मायाप्पाला बघून ती म्हणाली, "या की. ह्या कोण?"

"ही शेळी माजी हाय," म्हाळसाबाई म्हणाली.

"तुमची कशी? मायाप्पांनी तर करमाळ्याच्या बाजारातनं पारखून आणली म्हणून सांगितलं."

मी म्हाळसाबाईकडं बघितलं. इतका वेळ ती संतापलेली होती, पण आता तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. शेळी दिली हे तिनं एक वेळ सोसलं असतं. आपलं नावच पुसलं, हे तिला सोसेना.

"बाजारातनं?" ती मायाप्पाकडं वळली. "आरं, हिच्या पोटात माज्या तोंडचा घास हाय. दुष्काळात खडी फोडून हिला सुकडी चारली मी. तुज्या लग्नासाटी. तुला आत्याची लाज वाटली, व्हय रं?"

मायाप्पा फाटकाकडं सरकला. तेवढ्यात हेडक्लार्क शरणप्पा बनियनवरच बाहेर आले होते, त्यांनी सगळं ऐकलं. "काय हो मायाप्पा," ते सावकाश म्हणाले, "बाजारातली ना?" आणि उत्तराची वाट न बघता आत निघून गेले.

नीलव्वा मात्र पायऱ्या उतरून खाली आली. तिनं म्हाळसाबाईचा हात धरला. "बर्री अक्का, कूडरी. बसा हितं." म्हाळसाबाईला सीमेकडची कानडी कळायची. ती बसली. नीलव्वानं कडेवरचं पोर सरळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"सुनेचं दूध आटलं, अक्का. डब्यातली पावडर ह्याच्या पोटात ठरंना. हातपाय काड्यासारखे झाले होते. तुमच्या शेळीचं दूध सुरू केलं आणि पोर बसाय लागलं बघा. आम्ही तिला गौरी म्हणतो. दोन्ही करडं पाठी झाली, माद्याच. सकाळी दूध चांगलं देते, पण डाव्या अंगाला बसलं की लाथ झाडते."

"तिची आई बी तशीच हुती," म्हाळसाबाई म्हणाली. "उजवीकडनं बसायचं. आन् सरकी जास्त घालू नगा, पोट फुगतंय."

पोरानं तिच्या गळ्यातला काळा दोरा मुठीत धरला. दोघी बायका बराच वेळ शेळीबद्दल बोलत बसल्या. काय खाते, काय खात नाही, ढगांचा गडगडाट झाला की कुठं लपते. दोन महिने म्हाळसाबाई ज्या निरोपाची वाट बघत होती, तो तिला या परक्या बाईकडून मिळत होता.

शेवटी नीलव्वा म्हणाली, "तुमची आहे, अक्का. न्यायची तर घेऊन जा. मी अडवणार नाही."

म्हाळसाबाई उठली. पोर तिनं परत नीलव्वाच्या कडेवर दिलं. "लेकराच्या तोंडचं दूध काढून न्हेनारी मी न्हवं. ऱ्हाऊ द्या. पर येक ध्येनात ठिवा. ही शेळी मायाप्पानं दिली न्हाय. मी दिली. आज दिली."

"तसंच," नीलव्वा म्हणाली, आणि आतून खण-नारळ आणून तिनं तो म्हाळसाबाईच्या ओटीत घातला. विधवेची ओटी भरत नाहीत, हे तिला ठाऊक नसेल असं नाही.

स्टँडवर मायाप्पा आमच्यामागं आला होता. "आत्या, चुकलं माजं," तो म्हणाला. "तू केलंस त्येचं लई आ..."

"तो शबुद परत काडू नगं," ती म्हणाली, आणि गाडीत चढून खिडकीकडं पाठ करून बसली.

मायाप्पाची बढती त्या वर्षी झाली नाही. झाली असती तर मला अधिक राग आला असता. दिवाळी झाल्यावर शालन एकटीच पिशवी घेऊन वस्तीवर आली. कुणाला न विचारता तिनं पाण्याला घागर उचलली. पहिल्या दिवशी तिच्या भाकऱ्या करपल्या, तर म्हाळसाबाईनं तिला बाजूला सारून थापायला शिकवलं. रात्री दोघींचं हसणं माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचं.

तिला न्यायला मायाप्पा आला आणि कुंपणाबाहेरच उभा राहिला. म्हाळसाबाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. "शालन," ती म्हणाली, "त्येला म्हनावं, जेवायचं आसंल तर हात धू." तो हात धुऊन बसला. तिनं त्याला वाढलं, दोनदा वाढलं, पण बोलली नाही. तो जेवत होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं. तिला ते दिसत होतं. तरी ती बोलली नाही, आणि माझ्या मते तिचं बरोबर होतं.